सौम्य लक्षणं

दुसऱ्या लाटेत आमच्या घरात दोघांना कोविड झाला. माझे धाकटे दीर महेशभावजी त्यातून मरता मरता वाचले आणि मला तो नुसता चाटून गेला. आज भावजी बाईकवरून बोईसरभर फिरतात आणि मी आंघोळ स्टुलावर बसून करते.

माझ्या कागदावर तेव्हा लिहिलं होतं, 'सौम्य लक्षणे, घरी विलगीकरण'. त्यात चूक काही नव्हतं. दोन दिवस ताप, घसा, अंगदुखी. तोंडाची चव गेली ती आठवड्याभरात परत आली. ऑक्सिजन कधी खाली उतरला नाही. त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं, ते सांगायला पुढची दोन वर्षं कोणी आलं नाही.

मी डॉक्टर नाही आणि औषधांची नावं सांगणार नाही. ज्यांना साधा ताप येऊन गेला आणि नंतर काही पूर्वीसारखं झालंच नाही, ज्यांना घरात रोज 'आता काय झालंय तुला' असं विचारलं जातं, त्यांच्यासाठी लिहिते आहे. धीर देणारं लिहावं अशी इच्छा होती. पण लिहायला बसलं की आधी राग येतो, तेव्हा तो आधी.

स्वागत

आम्ही बोईसरजवळ सरावलीला राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी, नवरा नितीन, मुलगी मनवा, सासूबाई आणि महेशभावजी. सासरची माणसं मूळची जळगावकडची, सासरे तारापूरला कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. मी दातिवऱ्याची, कोळ्याची मुलगी. केमिस्ट्रीत पदवी घेऊन इथल्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. नितीन तेव्हा तिथेच मेंटेनन्सला होता. तिथेच आमचं जमलं.

भावजींना हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी माझा ताप उतरला होता. मी आतल्या खोलीत बंद होते. बाहेर नितीन फोनवर इंजेक्शनसाठी लोकांच्या हातापाया पडत होता आणि सासूबाई देवासमोर बसून होत्या. मनवाला भूक लागली होती आणि ती ते सांगतही नव्हती. विलगीकरणाचे दिवस पुरे होण्याची वाट न बघता मी तोंडाला दोन मास्क लावून ओट्याशी उभी राहिले. घरचा स्वयंपाक, हॉस्पिटलबाहेर बसलेल्या नितीनचा डबा, पुढे भावजींना तोंडाने खाता यायला लागलं तेव्हा त्यांची पेज. कोणी मला उठ म्हणालं नव्हतं. झोपून राहा असंही कोणी म्हणालं नाही.

भावजी घरी आले त्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली उतरली. फुलं उधळली, टाळ्या वाजवल्या, एकाने फटाके आणले होते. सासूबाईंनी मला ओवाळायला सांगितलं. मी ताट घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होते. भावजी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून हळूहळू येत होते. तेवढ्यात माझं काळीज इतकं जोरात धडधडायला लागलं की कानात दुसरं काही ऐकू येईना. पाय गेले. मी ताटासकट पायरीवर बसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, वहिनीला भरून आलं." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताट दुसरीने घेतलं.

माझ्या आजाराची ती पहिली खूण. तिचा फोटोसुद्धा आहे.

लॅब

कामावर रुजू झाले तेव्हा वाटलं, थोडा अशक्तपणा आहे, जाईल. गेला नाही. शेअर रिक्षातून उतरून गेटपासून लॅबपर्यंत चालत गेलं की दहा मिनिटं टेबलाला धरून उभी राहायची. दुपारी डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं व्हायचं. समोरचा माणूस बोलतोय, मला शब्द ऐकू येतायत, पण त्यांचं वाक्य होत नाहीये.

सगळ्यात वाईट म्हणजे आकडा निसटायचा. वजनकाट्यावर आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, एवढं साधं काम. अकरा वर्षं केलेलं. पण काट्यावरून नजर उचलून वहीवर येईपर्यंत आकडा गेलेला असायचा. परत बघायचं, परत जायचा. मग मी तो पुटपुटत लिहायला लागले, लहान मूल पाढे म्हणतं तशी.

माझ्याबरोबर शबाना काम करायची. एकदा तिने माझा हात धरला.

"हर्षदा, थांब. यात तू रसायन आत्ताच घातलंस."

"नाही गं."

"घातलंस. मी बघितलं. तू परत घालायला निघालीस."

मला आठवत नव्हतं. थोडं थोडं तरी आठवावं, तर तेही नाही. ती जागा कोरी होती. शबानाने तो नमुना ओतून टाकला, दुसरा घेतला आणि कोणाला काही बोलली नाही. त्या दिवसापासून ती स्वतःचं काम सांभाळून माझ्यावर लक्ष ठेवायची. औषधाचा कारखाना आहे, माणसं त्या गोळ्या खातात. असं कोणाच्या लक्ष ठेवण्यावर किती दिवस चालणार? पुढे एका बॅचचं माझं काम चुकलं, ते तपासणीत पकडलं गेलं, आणि आमच्या इनचार्जनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी बरं होऊन या. जागा ठेवतो." मी राजीनामा लिहून दिला. जागा महिन्याभरात भरली गेली.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "महेशला पण कामावर जायचं जिवावर आलं होतं. पण गेला ना तो?"

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की ते सुरू झालं की मी मनात पुरं करायची. महेश नाकात नळ्या घालून पडला होता. महेशने हिंमत सोडली नाही. महेश परत मैदानात उतरला. ते खरंच उतरले होते. आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा जोरात असतात, माईकवर कॉमेंट्री, रात्रीचे दिवे, सगळं. भावजी आमच्या भागातल्या टीमचे ओपनर. परतल्यावरच्या पहिल्या सामन्यात माईकवरचा माणूस म्हणाला, यमाला आउट करून आलेला आपला महेश. त्यांचा सत्कार झाला. शाल अजून हॉलमध्ये शोकेसमध्ये आहे.

सगळं नॉर्मल

छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, नॉर्मल. सोनोग्राफी करून हृदय बघितलं, नॉर्मल. थायरॉईड, साखर, रक्त, सगळं नॉर्मल. ज्याला बरं वाटत नाही त्याला नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी जाणं किती कठीण जातं, ते गेल्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट खराब यावा अशी मी प्रार्थना केली आहे. हे लिहायला लाज वाटते, पण केली आहे.

बोईसरला एका डॉक्टरांकडे नितीन बरोबर आला होता. त्यांनी रिपोर्ट चाळले, माझ्याकडे न बघता नितीनला विचारलं, "घरात काही टेन्शन वगैरे?"

नितीन म्हणाला, "घरात काही नाही. हीच घेते."

डॉक्टर हसले, नितीनही हसला. टॉनिक लिहून दिलं. मला म्हणाले, "रोज सकाळी चालायला जा. शरीर हलवलं पाहिजे."

मी गेले. मन लावून गेले. तीन दिवस चालले आणि चौथ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. अंगातलं सगळं कोणीतरी काढून घेतलं होतं. आठवडाभर पडून होते. नितीन म्हणाला, "एक काम धड चालू ठेवत नाहीस." जे माझ्यासारखे आहेत त्यांना सांगते, चालून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं कोसळायला होत असेल, तर तो आळस नाही. मला हे सांगणारं कोणी भेटायला पुढे खूप दिवस गेले, आणि तोवर मी स्वतःला ढकलत राहिले.

भीती

मनाचंही लिहिलं पाहिजे, कारण तेही आजारी झालं होतं आणि ते लपवून काही मिळत नाही.

मी घाबरट कधीच नव्हते. समुद्रावर वाढलेली मुलगी आहे. पण आता बाजारात भाजीवाल्यासमोर उभी असताना अचानक वाटायचं, आता मरणार. धडधड, घाम, हातापायांना मुंग्या. लोक दिसायचे, पण काचेपलीकडचे असल्यासारखे. एकदा रिक्षा फाटकाशी अडकली तेव्हा मी मध्येच उतरून रस्त्याच्या कडेला बसले. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ भाभी, उलटी हो रहा है क्या?" मी हो म्हणाले. उलटी होत असेल तर लोकांना समजतं.

घरी मी रडायची. कारण नसताना, कुकरची शिट्टी झाली म्हणून. हात वर धरवत नव्हते, वेणी घालताना दोनदा खाली घ्यायला लागायचे, म्हणून पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून आले. सासूबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरा जिवंत आहे तुझा." आणि दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. तरी मी ते केस पुन्हा वाढवले नाहीत.

त्या घरात माझ्या आजाराला एक नाव पडलं होतं ते मला मनवाकडून कळलं. तिच्या शाळेत कसलासा कार्यक्रम होता. सकाळी ती माझ्या पलंगाशी येऊन अगदी साधेपणाने म्हणाली, "आई, आज तुझं नाटक असणार आहे का? म्हणजे मग मी काकाबरोबर जाते." तिला त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं. घरात सगळे म्हणतात तो शब्द, तिला वाटलं आजाराचं नावच ते आहे. मी म्हणाले, "हो, काकाबरोबर जा."

शेवटी मी स्वतःच पालघरला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. नितीन म्हणाला, "आता वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार, एवढंच राहिलं होतं." ते गृहस्थ वयस्कर होते, अर्धा तास ऐकून घेतलं. त्यांच्या गोळ्यांनी झोप लागायला लागली आणि भीतीचे झटके कमी झाले. ज्यांना त्या गोळ्यांची लाज वाटते त्यांना सांगते, घ्या. पण पाय तसेच होते, धडधड तशीच होती. तेही त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं माझ्या खात्यातलं दिसत नाही. बघू." 'बघू' हा शब्द एरवी टाळण्यासाठी वापरतात. त्यांनी तसा वापरला नव्हता, ते पुढे कळलं.

महेशभावजी

एका दुपारी घरात मी एकटीच होते. सासूबाई सत्संगाला गेल्या होत्या. महेशभावजी एका कंपनीत सुरक्षेचं सामान पुरवायचं काम करतात, ते अचानक लवकर घरी आले. पाणी प्यायले, आणि स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसले. मी पाटावर बसून मेथी निवडत होते.

मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला उभं राहिल्यावर नेमकं काय होतं?"

मला आधी वाटलं, चेष्टा. मग त्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा होता.

मी सांगितलं. धडधड, डोळ्यांपुढे येणारी काळोखी, सगळं.

ते म्हणाले, "दोन रन धावलो की मला तसंच होतं. परवा मी मुद्दाम आउट झालो. आणि दिवा बंद केला की ते मशीन ऐकू येतं. त्या वॉर्डातलं. शेजारच्या बेडवरचा माणूस गेला तेव्हा ते वाजतच राहिलं होतं, कोणी बंद करायला आलं नाही. मी दिवा लावून झोपतो."

"घरात सांगा ना."

"नको." ते पटकन म्हणाले. "नाशिकची माणसं बघायला येणार आहेत. मुलगी चांगली आहे. त्यांना कळलं तर मोडेल. तुम्ही कोणाला बोलू नका, वहिनी. दादालासुद्धा नाही."

मी शब्द दिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आनंद झाला. दुसऱ्याचं दुःख ऐकून झाला म्हणून तो चांगला नव्हता, पण झाला. त्या घरात कोणाला तरी कळत होतं की मी नाटक करत नाही. आम्ही दोघांनी जमिनीवर बसूनच चहा घेतला. इतका गोड लागलेला चहा मला त्या दोन वर्षांत दुसरा आठवत नाही.

निकाल

नाशिकची माणसं यायचं ठरलं तशी सासूबाईंनी माझ्या आईला दातिवऱ्याहून बोलावून घेतलं. आई सुकी मच्छी विकते. पहाटेची कामं उरकून, चांगलं लुगडं नेसून ती आली आणि सोफ्याच्या कडेला बसली. सगळे होते. मी आडवी पडून ऐकत होते, मग उठून भिंतीला टेकून बसले.

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, महिनाभर हिला घेऊन जा. पाहुणे येणार, सून दिवसभर लोळताना दिसली तर काय म्हणतील? रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत. आमचा महेश मरणातून उठला. हिला दोन दिवस ताप आला होता."

आई म्हणाली, "माजी पोर खोटं बोलत नाय. तिला बरं नाय तर नाय."

"खोटं बोलते असं नाही म्हणत मी. पण हिच्या मनानं घेतलंय."

मी भावजींकडे बघितलं. नुसतं बघितलं. सगळ्यांनीच त्यांच्याकडे बघितलं, कारण या विषयावर घरात त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांच्या हातात मोबाईल होता. त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "वहिनी, थोडं मनावर घेतलं पाहिजे. मी पण तसंच केलं."

मी नितीनकडे बघितलं. तो म्हणाला, "महिनाभराचाच तर प्रश्न आहे."

लोक मला विचारतात, तू तेव्हा बोलली का नाहीस. मी फार थोर आहे आणि दिलेला शब्द पाळला, असं काही नाही. माझ्यात बोलायची ताकद नव्हती. आणि बोलले असते तरी काय झालं असतं? भावजी 'नाही' म्हणाले असते आणि माझ्या नाटकात एक प्रवेश वाढला असता.

बॅग आईने भरली. मनवाची शाळा होती, ती मागे राहिली. जिना उतरताना मी दोनदा बसले. आई प्रत्येक वेळी माझ्याबरोबर पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना म्हणाली, "जावा तुमी, आमी बसलोय."

दातिवरे

महिन्याचे सात महिने झाले.

आईने मला बरं करायचा प्रयत्न केला नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. तिने मागच्या पडवीत खाट टाकली. सकाळी विचारायची, "आज जमतंय काय?" मी नाही म्हणाले तर ठीक, हो म्हणाले तर भांडी पुढ्यात सरकवायची. काठीवर बोंबील वाळत घालताना मला समोर बसवायची, ओलं-सुकं बघायला. गल्लीतल्या बायका चौकशीला आल्या की म्हणायची, "तिला बरं नाय," आणि विषय तिथेच संपवायची. कशाने बरं नाही, किती दिवस, कोणी करणी केली का, कशाचं उत्तर नाही.

मनवा शनिवारी फोन करायची. आधी खूप बोलायची, मग कमी. एकदा मला ऐकू येत असताना मागे कोणाला तरी म्हणाली, "आईशीच बोलतेय, लगेच येते." तो 'लगेच' मला अजून बोचतो. नितीन सुरुवातीला रविवारी यायचा. मग पावसाचं कारण झालं, मग साखरपुड्याची गडबड.

पालघरच्या त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे मी मध्ये मध्ये जात होते. दातिवऱ्याहून पालघरला जाऊन येणं म्हणजे माझा अख्खा दिवस आणि नंतरचे दोन दिवस अंथरुणात. एका खेपेला ते म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर बाई आहेत. त्या कोविडनंतरचे असे पेशंट बघतात. मी बोललोय त्यांच्याशी." आणि फोन लावून त्याच दिवशीची वेळ घेतली.

नाव

त्या डॉक्टर बाईंनी काही मोठी तपासणी केली नाही. मला टेबलावर आडवं केलं, पाच-दहा मिनिटं शांत पडू दिलं, नाडी मोजली. मग म्हणाल्या, "आता उभ्या राहा. कशाला टेकू नका. बोलू नका." आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवून त्याही माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने माझे गुडघे थरथरायला लागले.

त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या उभ्या राहता तेव्हा तुमचं हृदय जिना चढल्यासारखं पळतं. आतापर्यंत कोणी तुम्हाला उभं करून नाडी बघितली होती?"

कोणी बघितली नव्हती. दोन वर्षं मी प्रत्येक डॉक्टरला 'उभं राहिलं की होतं' असं सांगत होते आणि प्रत्येकाने मला झोपवून तपासलं होतं.

त्यांनी नाव सांगितलं, लांबलचक इंग्रजी. विसरण्याचं, चालल्यावर कोसळण्याचं, सगळं त्यात बसत होतं. सौम्य कोविडनंतरही होतं म्हणाल्या, बायकांमध्ये जास्त दिसतं म्हणाल्या. पूर्ण बरं होईल का, विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "काही जण होतात, काही अर्धे होतात. तुमचं मी आज सांगू शकत नाही." मीठ-पाणी वाढवायचं, दाबून बसणारे मोजे घालायचे, थकायच्या आधी थांबायचं, काही गोळ्या.

लोक म्हणतात, नाव कळलं की हायसं वाटतं. मला तसं झालं नाही. दोन बोटं मनगटावर ठेवायची, एवढंच तर होतं. तेवढ्यासाठी माझी नोकरी गेली होती आणि मुलगी फोनवर 'लगेच येते' म्हणायला शिकली होती.

पुढच्या खेपेला त्यांनी नितीनला घेऊन यायला सांगितलं. मी फोन केला, तो आला. त्या त्याच्याशी शांतपणे बोलल्या, त्याच्यासमोर मला पुन्हा झोपवलं, उभं केलं आणि त्याला माझी नाडी स्वतः मोजायला लावली. त्याने मोजली. मेंटेनन्सचा माणूस, आकडा दिसला की त्याला पटतं. बाहेर येऊन तो औषधाच्या दुकानासमोर थांबला. डोळे ओले होते.

"हर्षदा, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

"असं नव्हतं सांगितलंस."

मला बसायला हवं होतं. दुकानाच्या पायरीवर बसले, आणि तो गाडी आणायला गेला.

आता

मी सरावलीला परत आले. माझ्या आजाराची बातमी नितीनने घरात सांगितली, डॉक्टर बाईंचे शब्द जसेच्या तसे, आणि सगळ्यांना ती पटली. सासूबाई म्हणाल्या, "असं होतं होय? आधी कळलं असतं तर..." आता त्या माझ्यासाठी मिठाचं लिंबूपाणी स्वतः करतात आणि आल्या-गेल्यासमोर सांगतात, "हिला लवकर उभं नाही राहायचं." मी ते पाणी पिते. मला त्याची गरज आहे.

भावजींचं लग्न मी खुर्चीत बसून बघितलं. वर्षभरात त्यांनी क्रिकेट सोडलं. गुडघा दुखतो म्हणतात. गुडघ्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. त्या दुपारबद्दल ते माझ्याशी परत कधी बोलले नाहीत. मी त्या डॉक्टर बाईंचा नंबर त्यांना पाठवला होता. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

मी साठ टक्के बरी आहे म्हणू. पालघरला पाणी तपासण्याच्या एका छोट्या लॅबमध्ये अर्धा दिवस जाते, बसून काम असतं. आकडे राहतात डोक्यात, थकले नसेन तर. मनवा आता मोठी होते आहे. एकदा तिने विचारलं, तू आजीकडे इतके दिवस का राहिलीस? मी म्हणाले, बरं नव्हतं. आईने शिकवलेलं उत्तर, त्यापुढे काही नाही.

हे वाचणाऱ्या कोणाला असा त्रास असेल, तर उभं करून नाडी बघायला सांगा. डॉक्टर रागावले तरी सांगा. थकायच्या आधी थांबा. मनाच्या गोळ्या लागल्या तर घ्या. आणि घरात कोणी एक विश्वास ठेवणारं माणूस असेल तर त्याला जपा, मग ते सुकी मच्छी विकणारं का असेना.

माफ करून टाक, असं मला बरेच जण सांगतात. मनात राग ठेवला की तब्येत बिघडते म्हणतात. डॉक्टर बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, संतापाने नाडी वाढते हे खरं आहे, उभ्याने तर फारच. म्हणून मी आता तेही शिस्तीत करते. दुपारी लॅबमधून येते, जेवते, मोजे काढते, खोलीचं दार लावते. मग पाय उशीवर घेऊन आडवी पडते आणि तासभर निवांतपणे रागावते.